कासवीची दृष्टी

केमन बेटांची राजधानी जॉर्जटाउन येथे हजारो उतारू वाहणाऱ्या अजस्र पर्यटक-जहाजांना लागता येईल असा धक्का नाही. त्यांना किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात नांगर टाकून उभे राहावे लागते आणि उतारूंना मचव्यांतून जमिनीवर पोचवावे लागते. ज्यांनी मुंबईहून आगबोटीने कोकणात प्रवास केला आहे आणि हर्णैसमोर हेलकावणाऱ्या पडावात खलाशाचा हात धरून पाय टाकला आहे, त्यांना या व्यवस्थेचे नवल वाटण्याचे कारण नाही. मुलीच्या आग्रहाखातर मायामीहून ज्या जहाजाने मी जून महिन्यात तेथे गेलो, त्याच्या आसपास त्या सकाळी तशीच आणखीही जहाजे उभी होती, आणि त्या सर्वांच्या पोटातून निघालेली माणसे त्या लहानशा गावाच्या रस्त्यांवर पसरली, तेव्हा यजमान कोण आणि पाहुणा कोण हे ओळखणे कठीण होऊन बसले. सूर्य मावळण्यापूर्वी सर्वांनाच परतायचे होते. कोणी पांढऱ्या वाळूच्या पुळणीकडे वळले, कोणी उथळ पाण्यातल्या पाकट माशांच्या भेटीला गेले. मी बेटाच्या वायव्येला, वेस्ट बे या भागात असलेल्या समुद्री कासवांच्या उद्यानाकडे निघालो.

परक्या जहाजांनी या बेटांपुढे नांगर टाकावा, काही प्रहर थांबावे, हवे ते उचलावे आणि निघून जावे, ही रीत आजची नाही. 10 मे 1503 रोजी, आपल्या चौथ्या सफरीत, पनामाच्या बाजूने हिस्पॅनिओलाकडे निघालेल्या कोलंबसाची किडीने पोखरलेली जहाजे वाऱ्याने भलतीकडे रेटली, तेव्हा त्याला दोन ठेंगणी बेटे दिसली आणि त्यांच्याभोवतीचे पाणी कासवांनी असे गजबजलेले दिसले की जणू समुद्रभर लहान लहान खडक विखुरले आहेत. त्या बेटांना त्याने कासवांचेच नाव दिले. 1586 मध्ये फ्रान्सिस ड्रेकचा काफिला येथे येऊन गेला. 1655 मध्ये इंग्रजांनी स्पेनच्या अमलाखालचे जमैका हिसकावून घेतले, 1670 च्या माद्रिदच्या तहाने त्या कब्जाला मान्यता मिळाली, आणि तेव्हापासून जमैकाच्या फौजेला, वसाहतीला आणि बंदरात ये-जा करणाऱ्या जहाजांना ताज्या मांसाची रसद पुरवण्याचे काम या बेटांच्या कपाळी आले. एडवर्ड लाँग याने 1774 मध्ये प्रसिद्ध केलेल्या जमैकाच्या इतिहासात नमूद करून ठेवले आहे की धुरकट हवेत दिशा हरवलेली जहाजे पोहणाऱ्या कासवांच्या नुसत्या आवाजाच्या अनुरोधाने या किनाऱ्याला येऊन लागत. हे वाक्य मी प्रवासाला निघण्यापूर्वी वाचले होते आणि त्याने माझा पिच्छा सोडला नव्हता. ज्या समुद्रात माणसाला नकाशाऐवजी प्राण्यांच्या श्वासावर भरवसा ठेवता येत असे, तो समुद्र किती भरलेला असेल, आणि तो इतका रिकामा कसा झाला?

रिकामा होण्याची हकीकत फार सोपी आहे, आणि म्हणूनच ती मनाला अधिक लागते. समुद्री कासव पाण्यात चपळ असले तरी जमिनीवर अगदी असहाय असते. आणि जमिनीवर येते ती केवळ मादी, तीही अंडी घालण्यासाठी, रात्रीच्या वेळी. खलाशी पुळणीवर दबा धरून बसत, वर सरकत येणाऱ्या कासवीला दोघे-तिघे मिळून उताणी करीत आणि पुढच्या कासवीकडे वळत. कारण एकदा उताणी झालेली कासवी सकाळपर्यंत तेथेच पडून राहते. मग तिला जहाजावर चढवायचे आणि पाठीवर पडलेल्या स्थितीतच, अधूनमधून अंगावर पाणी ओतीत, आठवडेच्या आठवडे जिवंत ठेवायचे. खारवलेल्या मांसावर आणि किडक्या बिस्किटांवर महिनोन् महिने काढणाऱ्या, हिरड्या सुजलेल्या माणसांना हे जिवंत मांस म्हणजे साक्षात संजीवनी वाटली असल्यास त्यांना मी दोष देणार नाही. परंतु या व्यवहारात प्रत्येक वेळी मारली जात होती ती आई, आणि बहुधा अंडी घालण्यापूर्वीच. हिरव्या कासवाच्या मादीला वयात येण्यास वीस-वीस वर्षे आणि कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. एवढ्या मंद गतीने भरणाऱ्या खजिन्यातून दर मोसमात मुद्दलच उचलले जात होते, आणि उचलणाऱ्यांपैकी कोणालाही पुढच्या साली तेथे राहायचे नव्हते.

ज्यांना राहायचे होते त्यांची कथा निराळी आहे. अठराव्या शतकात या बेटांवर कायमची वस्ती झाली, त्यात काही स्वतंत्र माणसे होती तशीच गुलाम करून आणलेली आफ्रिकी माणसेही होती. जमीन खडकाळ, पीक बेताचे, त्यामुळे सर्वांचा जीव समुद्रावर टांगलेला. त्यांनीही कासवे मारली. आपल्या पुळणी ओस पडल्यावर ही मंडळी क्यूबाच्या दक्षिणेकडच्या उथळ समुद्रात जाऊ लागली, आणि तेथेही कासव दुर्मीळ झाल्यावर शिडांची तारवे घेऊन थेट निकाराग्वाच्या किनाऱ्यासमोरच्या मिस्किटो बेटांपर्यंत पोचली. घरातून निघालेला पुरुष महिनोन् महिने परतत नसे. त्यांच्या होड्यांचा नमुना 1904 मध्ये केमन ब्रॅक बेटावरच्या डॅनियल जर्व्हिस याने बेतला. आखूड, हलकी, झटकन वळणारी आणि बहुधा निळ्या रंगाने रंगवलेली होडी, निळी अशासाठी की पाण्यातून वर पाहणाऱ्या कासवाला ती समुद्राहून वेगळी दिसू नये. तशी एक होडी जॉर्जटाउनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेली आहे, आणि तिच्या फळ्यांवरचा तो निळा रंग पाहताना मला वाटले की शिकार करणाऱ्याने शिकारीच्या डोळ्यांनी पाहायला शिकल्याशिवाय ही अक्कल सुचणे शक्य नाही.

तळाला काच बसवलेली एक लाकडी पेटीही या लोकांच्या हत्यारांत असे. ती पाण्यावर टेकवून आत तोंड घातले की लाटांची चकाकी नाहीशी होते आणि समुद्राचा तळ स्वच्छ दिसू लागतो. त्या पेटीतून पाहत पाहत ते कासवांच्या निजण्याच्या जागा हुडकीत. हिरवे कासव दिवसा समुद्रातल्या गवताच्या कुरणात चरते आणि रात्री ठराविक खडकाच्या कपारीशी निजायला जाते. त्या खडकावर तिन्हीसांजेला जाळे सोडायचे आणि श्वासासाठी वर येणारे कासव त्यात गुरफटेल याची वाट पाहायची. जाळे मुद्दाम हलके ठेवीत, म्हणजे अडकलेल्या कासवाला ते उचलून पाण्यावर नाक काढता यावे. धरलेल्या कासवाच्या पोटाच्या ढालीवर मालकाच्या नावाची अक्षरे कोरून त्याला समुद्रातच बांधलेल्या खोड्यात ठेवीत. केमनचे जुने कप्तान सांगत की अशी खूण केलेली कासवे दूर फ्लोरिडाला नेल्यावर वादळात निसटली आणि काही महिन्यांनी शेकडो मैलांवरच्या त्याच मिस्किटो खडकांवर पुन्हा जाळ्यात सापडली. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार याने या कप्तानांच्या तोंडच्या हकीकती आस्थेने टिपून घेतल्या आणि कासवांच्या स्थलांतराच्या अभ्यासाला आपले आयुष्य वाहिले. ज्ञानाची पहिली नोंद अशी मारेकऱ्यांच्या दप्तरात सापडावी, याची खंत वाटते. परंतु ज्याला कासवाचा निजण्याचा खडक ठाऊक आहे तो माणूस आणि पुळणीवर एका रात्रीत शंभर कासवी उताण्या करून निघून जाणारा माणूस, या दोघांना एकाच तराजूत घालायला माझे मन तयार होत नाही.

मला वेस्ट बेला नेणाऱ्या गाडीचा चालक अशाच एका कासवधऱ्याचा नातू होता. आजोबा मिस्किटोवरून परतत तेव्हा मुलांसाठी काय आणीत, असे मी विचारले, तर तो म्हणाला, “काही नाही. ते स्वतः परत येत, हेच पुष्कळ होतं.”

1960 नंतरच्या काळात निकाराग्वाने या तारवांना परवाने देणे थांबवले आणि तो धंदा संपला. त्याच सुमारास, 1968 मध्ये, काही परदेशी भांडवलदारांनी कासवे माणसाच्या हाताखाली वाढवून त्यांचे मांस आणि कवच विकावे या हेतूने येथे एक कंपनी काढली. सुरिनाम, कोस्टा रिका, अॅसेन्शन अशा दूरदूरच्या पुळणींवरून अंडी आणली गेली. परंतु जगाचा कायदा मध्येच बदलला. दुर्मीळ जिवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार 1975 मध्ये अमलात आला, 1978 मध्ये अमेरिकेने हिरव्या कासवाला आपल्या संरक्षित यादीत घातले, आणि पाळलेले असो की रानटी, कासवाच्या मालाला परदेशी बाजारपेठ उरली नाही. दरम्यान कंपनी बुडाली, दुसऱ्या हाती गेली, आणि 1983 मध्ये ती बेटाच्या सरकारने ताब्यात घेतली. आज तेथे प्रवाशांसाठी मत्स्यालय आहे, पोहण्याचा तलाव आहे, पक्ष्यांचे घर आहे. ते सर्व मी धावत्या नजरेने पाहिले. माझे पाय खिळले ते मोठ्या कासवांच्या तळ्यापाशी.

तळ्याच्या एका कडेला वाळू भरून कृत्रिम पुळण केली आहे, आणि हिरवट पाण्यात प्रजननाच्या वयाची कासवे संथपणे फिरत असतात. एकेकाचे वजन 150 किलोच्या आसपास. मी कठड्याला टेकून उभा होतो. अगदी समोर पाणी किंचित फुगले, बदामी रंगाच्या खवल्यांचे, म्हातारीच्या चेहऱ्यासारखे सुरकुतलेले डोके वर आले, तोंड थोडे उघडले आणि एक मोठा, ओलसर, दमलेल्या माणसासारखा उसासा ऐकू आला. क्षणभरात आत घेतलेला श्वास त्याहून मोठा. डोके खाली गेले. मग डावीकडे दुसरा उसासा, पलीकडे तिसरा. लाँगने लिहिलेला आवाज तो हाच असावा असे मनात आले, आणि असे हजारो श्वास काळोख्या समुद्रावर चारी दिशांनी उठत असताना सुकाणू धरून बसलेल्या त्या धुक्यातल्या तांडेलाला काय वाटले असेल, याची थोडीशी कल्पना आली.

कासवीच्या डोळ्यांतून त्या वेळी पाणी ओघळत होते. ते अश्रू नव्हेत; समुद्राच्या पाण्याबरोबर पोटात गेलेले मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून असे बाहेर पडते. तरीही मला तेथे उभे असताना आपल्या संतांची कासवी आठवली. कासवी पिलांना स्तनपान देत नाही, जवळही घेत नाही. दूर उभी राहून ती नुसत्या कृपादृष्टीने त्यांचे पोषण करते, असा समज संतवाङ्मयात वारंवार येतो, आणि देवाच्या वात्सल्याला याहून कोवळा दृष्टान्त मला ठाऊक नाही. लहानपणी देवळात गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावून नमस्कार करताना आजी हेच सांगे. प्रत्यक्षातली समुद्री कासवी मात्र वाळूत खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, मागच्या पायांनी वाळू लोटून जागा बुजवते आणि समुद्राकडे वळते. सुमारे दोन महिन्यांनी पिले बाहेर येतात तेव्हा ती कोठल्या कोठे गेलेली असते. आपल्या एकाही पिलाचे तोंड ती उभ्या जन्मात पाहत नाही. संतांचा दृष्टान्त यामुळे खोटा ठरतो असे मला वाटत नाही. त्यांना जी दृष्टी अभिप्रेत होती ती या जिवाला मिळायला हवी, एवढेच; ती कोणाची असावी हा प्रश्न राहतो.

शेजारच्या उथळ टाक्यांत वर्ष-दीड वर्षाची पिले होती आणि ती हातात कशी धरावी हे एक मुलगी प्रवाशांना शिकवीत होती. माझ्याही ओंजळीत तिने एक ठेवले. त्याच्या पाठीची ढाल ओली, गुळगुळीत आणि अपेक्षेपेक्षा उबदार होती. पुढचे दोन वल्ह्यांसारखे पाय हवेत फडफडत होते, आणि त्या फडफडीत एवढी ताकद होती की माझी मनगटे हलत होती. पाण्याला टेकवताच ते निमिषात सुळकन् निघून गेले. माझ्यामागे रांग होती. दिवसभरात किती हातांतून ते जात असेल, असा विचार आला आणि सुखावलेले मन आंबट झाले. प्राणिहितवादी संस्थांनी या हाताळणीवर आणि टाक्यांतल्या दाटीवर आक्षेप घेतले आहेत; उद्यानाच्या बाजूने असे म्हटले जाते की येथले मांस बेटावर रीतसर मिळते म्हणून समुद्रातल्या कासवांची चोरटी शिकार आटोक्यात राहते. होय, या उद्यानात कासव आजही मांसासाठी मारले जाते, आणि त्याचे कालवण हे बेटाचे परंपरागत अन्न आहे.

उपाहारगृहात ते वाढले जात होते. मी घेतले नाही. विष्णूच्या एका अवताराला ताटात पाहण्याची माझ्या मनाची तयारी नव्हती. परंतु शेजारच्या टेबलावर एक वृद्ध स्थानिक बाई आपल्या नातवासह शांतपणे जेवत होती, आणि तिच्याकडे पाहून मला तिरस्कार वाटला नाही. तिच्या घरच्या पुरुषांनी याच प्राण्यासाठी समुद्रावर जीव टाकले असतील. बेटांच्या राजचिन्हावर कासव आहे. सणासुदीच्या ताटातही ते आहे. आपण ज्याला खातो त्याला आपण नाहीसे होऊ देणार नाही, ही भावना मला त्या बाईच्या जेवणात दिसली. याउलट आमच्या जहाजावर रोज रात्री उरलेल्या अन्नाचे जे ढीग मी पाहिले होते, त्यांत कोणत्याच प्राण्याविषयी कसलीच भावना नव्हती.

त्या बाईकडे पाहताना मला आपल्याकडचे एक गाव आठवले. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. तेथील पुळणीवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची लहान कासवे अंडी घालायला येतात. ती अंडी गावकरी उकरून नेत, खात, विकत. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी हिंडत असताना त्यांना या अंड्यांचा पत्ता लागला, आणि त्यांनी गावाशी बोलणे सुरू केले. पुढे ज्यांना अंड्यांची जागा अचूक ओळखता येई तीच माणसे पहाटे पुळण तुडवून घरटी शोधू लागली, अंडी कुंपणात पुरू लागली, पिले निघाली की समुद्रात सोडू लागली. हे काम आज कोकणातल्या कितीतरी गावांत चालते. वेळासच्या म्हाताऱ्याला आणि केमनच्या कासवधऱ्याला एकमेकांची भाषा कळणार नाही, पण वाळूवरचा कासवीचा माग दोघेही एकाच नजरेने वाचतील.

इकडे केमनमध्ये, 2001 च्या नोव्हेंबरमध्ये मिशेल नावाच्या चक्रीवादळाच्या लाटा वेस्ट बेच्या त्या उद्यानात शिरल्या आणि वाढत्या वयाची तशीच प्रजननाच्या वयाची कितीतरी कासवे समुद्रात घेऊन गेल्या. उद्यान मग रस्त्याच्या पलीकडे उंचावर पुन्हा बांधावे लागले. 1980 पासून माणसांनीही मुद्दाम 30,000 हून अधिक कासवे तेथून समुद्रात सोडली आहेत. पाण्यात गेलेल्या त्या पाळीव जिवांचे पुढे काय झाले, ते पोहता पोहता मेले की जगले, याविषयी बरीच वर्षे शंका घेतली जात होती. 1998 मध्ये सरकारच्या पर्यावरण खात्याने पुळणींवरची घरटी मोजायला प्रारंभ केला तेव्हा हिरव्या कासवाची घरटी बोटांवर मोजता येतील इतकीच सापडली होती. आता ती दर मोसमात शेकड्यांनी सापडतात, आणि आनुवंशिक तपासणीत असे आढळले की या बेटावर अंडी घालणाऱ्या बहुतेक कासवींचे नाते उद्यानातल्या कासवांशी लागते. सुरिनाम आणि कोस्टा रिकाच्या पुळणींवरून उचललेल्या अंड्यांची ही संतती. कोलंबसाने पाहिलेल्या कळपांची नव्हे. ते कळप गेले ते गेलेच. परंतु ज्या समुद्राने त्यांना वाढवले त्याने यांनाही नाकारले नाही.

परतीच्या वाटेवर चालकाने सांगितले की मोठी जहाजे थेट लागावीत असा धक्का बांधण्याचा प्रश्न 30 एप्रिल 2025 रोजी सार्वमताला टाकला होता आणि बेटाने त्याच्या विरुद्ध कौल दिला. धक्का म्हणजे बंदराच्या तळाची खोदाई, आणि तळाशी प्रवाळ. “तुमचं मत कोणत्या बाजूला?” मी विचारले. “धक्का झाला असता तर आणखी माणसं उतरली असती आणि माझी गाडी दिवसातून चार फेऱ्या जास्त धावली असती,” तो म्हणाला. “तरी मी नको म्हणूनच कौल दिला.” याहून अधिक त्याने काही सांगितले नाही, मीही विचारले नाही.

मग त्याने एका हॉटेलाच्या कडेला गाडी थांबवली आणि मला पुळणीवर नेले. हॉटेलाच्या समुद्राकडच्या दिव्यांवर पिवळ्या-तांबूस काचा होत्या. पांढऱ्या उजेडाने पिले फसतात, समुद्राऐवजी रस्त्याकडे चालू लागतात आणि चाकांखाली जातात. पाण्याच्या रेषेपासून वर, झुडपांपर्यंत, वाळूत एक रुंद माग उमटला होता. दोन्ही बाजूंना वल्ह्यांचे समांतर ठसे आणि मध्ये पोटाची ओढ, आणि शेवटी वाळू उधळलेला खळगा. तो रात्रीचाच होता. पहाटे चालकानेच पर्यावरण खात्याला दूरध्वनी करून कळवले होते. खळग्यापासून जरा दूर गुडघ्यावर बसून त्याने मला बोटाने दाखवले की अंडी कोठे असतील आणि कोठे नसतील, कारण कासवी वाळू उधळून जागा लपवते. वाळू फार तापली तर आतली सगळी पिले माद्याच निघतात, आणि अलीकडे ती फारच तापते, असेही तो म्हणाला. ही पिले केव्हा बाहेर येतील, असे मी विचारले. त्याने बोटांवर दिवस मोजले, आमच्या जहाजाच्या दिशेने एकदा पाहिले आणि सरळ सांगितले, “पाहायची असतील तर जहाजाने येऊ नका. विमानाने या, ऑगस्टात या, आणि रात्री जागायची तयारी ठेवून या.”